उकळत्या पाण्यातले बिऱ्हाडकरू

दोस्तांनो, आंघोळीच्या बादलीत हात घातल्याबरोबर "आई गं, केवढं कढत!" असं ओरडून तुम्ही तो कधी ना कधी झटकन मागे घेतला असेलच. त्या वेळी बादलीतलं पाणी किती तापलेलं असतं, माहीत आहे? फार नाही, पन्नास अंश सेल्सिअसच्या आसपास. आपल्याला सोसतं ते चाळीस-बेचाळीस अंशांचं पाणी. साठ अंशांच्या पाण्यात हात काही सेकंद राहिला तरी कातडी भाजते. आणि शंभर अंशांना पाणी खळखळा उकळायला लागतं, हे तर तुम्हाला पाठच असेल.

हे आकडे जरा लक्षात ठेवा. कारण आज ज्यांची गोष्ट सांगायची आहे, त्यांना सत्तर अंशांचं पाणी म्हणजे अगदी हवंहवंसं वाटतं. तुमच्या-माझ्या आंघोळीच्या पाण्यात त्यांना सोडलं, तर ते बिचारे थंडीनं गारठून गप्प पडून राहतात!

"काहीतरीच काय!" तुम्ही म्हणाल. "पाणी उकळून प्या, म्हणजे जंतू मरतात, असं आजी रोज सांगते." आजीचं अगदी बरोबर आहे हं. डेअरीत दूध ७२ अंशांपर्यंत तापवून पंधरा सेकंद तसंच ठेवतात, आणि तेवढ्यात रोग पसरवणारे जंतू मरतात. पण हे जंतू राहायला सोकावलेले असतात ते माणसांच्या आणि जनावरांच्या शरीरात. आपलं शरीर असतं ३७ अंशांचं. त्यांना सत्तर अंश कसे सोसणार? आपली पात्रं निराळी आहेत. ती कुणाला आजारी पाडत नाहीत. त्यांचं बिऱ्हाड असतं जमिनीतून वर येणाऱ्या गरम पाण्याच्या झऱ्यांत.

रंगीबेरंगी डबकी

अमेरिकेत यलोस्टोन नावाचं एक प्रचंड मोठं राष्ट्रीय उद्यान आहे. १८७२ साली ते स्थापन झालं. तिथे जमिनीखाली फार खोल नाही अशा जागी तप्त शिलारस आहे. त्यामुळे कुठे पाण्याचे फवारे उडतात, कुठे चिखल रटरटतो, कुठे नुसतीच वाफ फुसफुसते. लहानमोठी मिळून अशी दहा हजारांहून जास्त ठिकाणं तिथे आहेत. हा सगळा भाग उंचावर असल्यामुळे तिथे पाणी शंभर नव्हे, ९३ अंशांनाच उकळतं.

त्यातल्या 'ग्रँड प्रिझमॅटिक स्प्रिंग' या झऱ्याचं चित्र तुम्ही कॅलेंडरवर नक्की पाहिलं असेल. शंभर मीटरहून रुंद असं हे कुंड. मधोमध गर्द निळं पाणी, त्याभोवती पिवळी कड, मग नारिंगी, मग विटकरी. जणू कुणी इंद्रधनुष्यच वाटोळं करून जमिनीवर अंथरलंय! पर्यटक लाकडी पुलावरून फोटो काढतात आणि पुढे जातात.

१९६४ साली असाच एक माणूस प्रवासात यलोस्टोनला थांबला. नाव थॉमस ब्रॉक. इंडियाना विद्यापीठात ते सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायचे. त्यांनीही रंग पाहिले. पण झऱ्यातून ओघळणाऱ्या पाण्याकडे बघताना त्यांना एक गोष्ट जाणवली. झऱ्याच्या तोंडाशी पाणी सगळ्यात गरम. ओघळत पुढे जाताना ते हळूहळू निवतं. आणि प्रत्येक रंगाची एक ठरावीक जागा आहे! म्हणजे हे रंग मातीचे नाहीत. ज्याला जेवढी ऊब सोसते तेवढ्या अंतरावर त्यानं घर केलंय. हे सगळे जिवंत आहेत!

रंगीत पट्ट्यांत हिरवं द्रव्य बाळगणारे, सूर्यप्रकाशावर अन्न तयार करणारे जिवाणू असतात. त्यांची मजल ७३ अंशांच्या आसपास संपते. त्यांच्याच अंगातली गाजरासारखी पिवळी-नारिंगी द्रव्यं आपल्याला दिसतात. मग मधलं निळंशार पाणी? ते इतकं गरम, की तिथे हिरवा जीव टिकूच शकत नाही. म्हणजे ते निर्जीव असणार, असं कुणीही म्हटलं असतं. त्या काळी प्रयोगशाळांमध्ये रीतच तशी होती. उष्णता आवडणारे जिवाणू वाढवायचे, तर ते ५५ किंवा ६० अंशांना ठेवायचे. त्याच्या पलीकडे काही जगत असेल, म्हणून कुणी बघायलाच जात नसे.

ब्रॉक बघायला गेले. "जीव किती तापमानापर्यंत तग धरू शकतो?" एवढा एकच प्रश्न त्यांना पडला होता. त्यातून औषध निघेल, कारखाना निघेल, असलं काही त्यांच्या मनात नव्हतं. दर उन्हाळ्यात ते यलोस्टोनला जाऊ लागले. त्यांची एक युक्ती तर इतकी साधी होती, की शाळेतल्या मुलालाही सुचावी. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतो ना, तसली काचपट्टी घ्यायची, दोऱ्याला बांधायची आणि उकळत्या झऱ्यात सोडून द्यायची. आठ-दहा दिवसांनी वर ओढायची. झालं! काचेवर जिवाणूंचा थर! ज्या पाण्यात बटाटे शिजतील, त्या पाण्यात हे महाशय नुसते जगत नव्हते, तर काचेला चिकटून पोराबाळांसह वाढत होते.

'ऑक्टोपस स्प्रिंग' नावाच्या झऱ्यात तर ८० अंशांहून गरम पाण्यात गुलाबी तंतू लोंबकळत होते. ते तिथे जिवंत आहेत हे दिसत होतं, पण प्रयोगशाळेत आणले की वाढायला तयार नाहीत. त्यांना बाटलीत वाढवायला पुढे तीस वर्षं लागली. १९९८ साली जर्मन शास्त्रज्ञांच्या गटाला ते जमलं.

पिवळा पाहुणा

१९६६ साली ब्रॉक यांच्याबरोबर हडसन फ्रीझ नावाचा विद्यार्थी होता. अजून पदवीही न मिळालेला, कॉलेजातला पोरगा. दोघांनी 'मशरूम स्प्रिंग' या झऱ्यातून, सुमारे ७० अंशांच्या पाण्यातून नमुने आणले. नमुन्याला खाऊ अगदी बेताचा दिला, कारण झऱ्यात तरी कुठे मेजवानी असते? आणि नळी ठेवली ५५ अंशांना नव्हे, तर सत्तरच्या पुढे. नळीतलं पाणी गढूळ झालं, म्हणजेच आत कुणीतरी वाढत होतं! पिवळसर रंगाचा, काडीसारखा लांबट जिवाणू. दोघांनी त्याचं नाव ठेवलं 'थर्मस ॲक्वाटिकस'. १९६९ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. आणि त्यांनी आणखी एक काम केलं, जे आपल्या गोष्टीत फार महत्त्वाचं आहे. जगातले जिवाणू सांभाळून ठेवणारी एक संस्था अमेरिकेत आहे, तिथे त्यांनी याची एक प्रत ठेवायला दिली. कुणाला अभ्यासाला हवी असेल तर मिळावी म्हणून.

गंमत म्हणजे, हाच जिवाणू त्यांना विद्यापीठातल्या गरम पाण्याच्या नळातही सापडला! एवढं यलोस्टोनपर्यंत जायचं, आणि पठ्ठ्या कॉलेजच्या नळात ठाण मांडून बसलेला. तुमच्या घरच्या गिझरकडे आता जरा आदराने बघा.

पण मग हे जीव शिजत कसे नाहीत? अंडं आठवा. कच्च्या अंड्याचा पांढरा भाग पातळ, पारदर्शक असतो. उकडला की घट्ट, पांढराफटक. पुन्हा गार केला तरी पहिल्यासारखा होत नाही. कारण त्यातली प्रथिनं. प्रथिन म्हणजे एक लांबलचक माळ. ती एका विशिष्ट तऱ्हेनं गुंडाळलेली असते, आणि त्या घडीवरच तिचं काम अवलंबून असतं. उष्णतेनं घडी सुटते, माळा एकमेकींत गुंततात, आणि काम बंद! थर्मसच्या अंगातही प्रथिनंच आहेत. फक्त त्यांच्या घड्या आतून जागोजागी जास्त घट्ट बांधलेल्या असतात. आपण दिवाळीला गावी जाताना वळकटी बांधतो तशा. पण या घट्टपणाची किंमतही मोजावी लागते. थंड पाण्यात ही प्रथिनं इतकी आखडतात, की हलेनाशीच होतात. म्हणून तर आपली आंघोळ म्हणजे त्यांना हिमालय!

ब्रॉक यांचा मूळ प्रश्न मात्र पुढे सरकतच राहिला. घरच्या कुकरमध्ये वाफ कोंडली जाते, दाब वाढतो, म्हणून आतलं पाणी १२० अंशांच्या आसपास गेलं तरी उकळून उडून जात नाही. समुद्राच्या तळाशी असाच, किंबहुना कितीतरी जास्त दाब असतो. तिथेही गरम पाण्याची तोंडं आहेत. हिंदी महासागराच्या तळाशी असलेल्या अशाच एका ठिकाणाहून मिळालेला एक सूक्ष्मजीव जपानी शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत १२२ अंशांना वाढवून दाखवला, २००८ साली. कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या तरी ज्याचं काही बिघडत नाही, असा प्राणी! (प्राणी म्हणजे सूक्ष्मजीव हं. विज्ञानाच्या बाई रागावतील.)

डीएनएची झेरॉक्स

आता गोष्ट यलोस्टोनमधून निघून कॅलिफोर्नियात जाते. १९८३ साल. सीटस नावाच्या कंपनीत कॅरी मुलिस नावाचे रसायनशास्त्रज्ञ काम करत होते. एका रात्री मोटार चालवताना त्यांना एक कल्पना सुचली.

तुम्हाला माहीत आहे, प्रत्येक जिवाच्या पेशीत डीएनए असतो. डोळ्यांचा रंग कोणता, नाक कसं, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. पण तपासायला मिळतो तो अगदी कणभर. तो वाचायचा कसा? मुलिस म्हणाले, त्याच्या झेरॉक्स काढू या!

डीएनए असतो दप्तराच्या चेनसारखा, दोन पट्ट्या एकमेकींत अडकलेल्या. ९५ अंशांपर्यंत तापवला की चेन उघडते. मग जरा थंड करायचं, आणि एका प्रथिनाला कामाला लावायचं. हा कामगार प्रत्येक सुट्या पट्टीसमोर तिची जोडीदार पट्टी विणतो. एकाच्या दोन चेनी झाल्या. पुन्हा तापवा, पुन्हा थंड करा, दोनाच्या चार. चाराच्या आठ. बुद्धिबळाच्या पटावरच्या तांदळाच्या दाण्यांची गोष्ट वाचली आहे ना? तसंच हे. तीस फेऱ्यांत एका तुकड्याचे १०७ कोटी तुकडे होतात. वहीत दुप्पट करत जा, खरं की खोटं ते कळेल. या पद्धतीला 'पीसीआर' म्हणतात.

पण एक घोळ होता. हा विणकर आणला होता आपल्या आतड्यात राहणाऱ्या एका जिवाणूकडून. त्याला सवय ३७ अंशांची. चेन उघडायला ९५ अंशांपर्यंत तापवलं, की बिचाऱ्याचं उकडलेलं अंडं व्हायचं! मग दर फेरीला नळी उघडायची, नवा विणकर घालायचा, नळी बंद करायची. तीस फेऱ्या, तीस वेळा. कोण करणार ही हमाली?

आणि इथे आपला पिवळा पाहुणा आठवला. १९७६ सालीच काही शास्त्रज्ञांनी थर्मस ॲक्वाटिकसमधून असाच विणकर वेगळा काढला होता. तो ७० अंशांच्या झऱ्यातला. त्याला ९५ अंशांचे चटके बसले तरी तो तग धरतो, आणि ७२ अंशांना तर झपाट्यानं विणतो. सीटसच्या लोकांनी त्या संस्थेत ठेवलेला जिवाणू मागवला. हा 'टॅक' नावाचा विणकर एकदा नळीत घातला की तीस फेऱ्या बघायला नको. यंत्रात नळी ठेवा आणि चहा प्यायला जा!

१९९३ साली मुलिस यांना रसायनशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं. पीसीआरमुळे गुन्हेगार केसाच्या मुळावरून ओळखता येऊ लागले. क्षयरोगाचं निदान काही तासांत होऊ लागलं. आणि २०२०? नाकात ती लांब काडी घातली की डोळ्यांतून पाणी यायचं, आठवतं? तुम्ही तेव्हा फारच लहान असाल तर आई-बाबांना विचारा. 'आरटीपीसीआर' हा शब्द तेव्हा भाजीवाल्यापासून सगळ्यांच्या तोंडी झाला होता. कोरोनाच्या विषाणूत डीएनए नसतो, आरएनए असतो. म्हणून आधी त्याचं डीएनएत रूपांतर करायचं आणि मग झेरॉक्स काढायच्या. जगभरच्या प्रयोगशाळांत हे विणण्याचं काम रात्रंदिवस करत होता तो यलोस्टोनचा टॅक किंवा त्याचेच सुधारलेले भाऊबंद. थॉमस ब्रॉक त्या वेळी हयात होते. ते वारले एप्रिल २०२१ मध्ये, वयाच्या ९४ व्या वर्षी. म्हणजे त्यांच्या प्रश्नाचं काय झालं, ते त्यांनी पाहिलं.

पैशाचं काय झालं, तेही सांगायला हवं. सीटसने पीसीआरचे हक्क १९९१ साली दुसऱ्या एका कंपनीला विकले ते तीस कोटी डॉलरना. ब्रॉक आणि फ्रीझ यांना त्यातलं काही मिळालं नाही, यलोस्टोनलाही नाही. ब्रॉक यांनी तर जिवाणू सगळ्यांसाठी म्हणूनच ठेवायला दिला होता. पण उद्यानाच्या पाण्यातून निघालेल्या जिवावर कंपनीने एवढं कमवावं आणि झऱ्याची राखण करणाऱ्याला दमडी मिळू नये, हे मला काही पटत नाही. बऱ्याच जणांना पटलं नाही. पुढे अमेरिकेत त्याबद्दल नियम झाले. आपल्याकडेही २००२ साली जैवविविधता कायदा झाला, आणि त्यात वाघ-वडापासून सूक्ष्मजीवांपर्यंत सगळे येतात.

नाणी टाकलेला झरा

हे बिऱ्हाडकरू कुकरमध्ये तगतात, म्हणून त्यांना काहीच होत नाही असं समजू नका. यलोस्टोनमध्येच 'मॉर्निंग ग्लोरी' नावाचं एक कुंड आहे. मॉर्निंग ग्लोरी म्हणजे निळ्या फुलांची एक वेल. एकेकाळी हे कुंड त्या फुलासारखंच निळंभोर होतं. पर्यटक आले. कुणी नाणं टाकलं, कुणी दगड. १९५० साली उद्यानाच्या लोकांनी पाणी उपसून बघितलं, तर आतून ढीगभर नाणी निघाली, आणि मोजे, रुमाल, टॉवेलसुद्धा! गरम पाणी वर येण्याची वाट कचऱ्यानं बुजत गेली, पाणी निवत गेलं. आणि कडेला राहणारे पिवळे-नारिंगी जिवाणू हळूहळू आत सरकले. आता त्या कुंडात निळा कमी, हिरवा-पिवळाच जास्त. रंग सुंदर दिसतात, लोक फोटोही काढतात. पण जे उकळत्या निळ्या पाण्यातलेच रहिवासी होते, त्यांची जागा गेली.

नाणी म्हटल्यावर तुम्हाला आपल्याकडची कुंडं आठवली ना? मलाही आठवली. आपल्याकडे गरम झऱ्यांना काय तोटा! गावांच्या नावातच ते पाणी मुरलेलं आहे. दापोलीजवळचं उन्हवरे, राजापूरजवळचं उन्हाळे, जळगाव जिल्ह्यातलं उनपदेव, नांदेड जिल्ह्यातलं उनकेश्वर. तानसा नदीच्या काठची वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी तर सहलीला पाहिलीच असतील. मुंबई-गोवा रस्त्यावर तुरळला बस थांबली, की लोक उतरून पाय शेकून घेतात.

तिथे गेलं की कुणीतरी हमखास सांगतं, "खाली गंधक आहे, म्हणून पाणी तापतं." साफ चूक! गंधक पाणी तापवत नाही. तो उग्र वास तेवढा गंधकाच्या वायूचा. आपल्याखाली यलोस्टोनसारखा शिलारसही नाही. पावसाचं पाणी खडकाच्या भेगांतून खोल जातं. दर किलोमीटरला जमीन पंचवीस-तीस अंशांनी तापत जाते. तिथे तापलेलं पाणी दुसऱ्या भेगेनं वर येतं, एवढंच.

आणि त्यात बिऱ्हाडकरू आहेत का? आहेत तर! पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी उनकेश्वरच्या झऱ्यातला सगळा डीएनए एकत्र वाचून तिथल्या जिवाणूंची पाहणी केली आणि ती २०१६ साली प्रसिद्ध केली. पण कित्येक कुंडांना आपण सिमेंटचे कठडे बांधले, फरशा बसवल्या. लोक साबण लावून आंघोळ करतात, कपडे धुतात, शांपूच्या पुड्या तिथेच टाकतात. मशरूम स्प्रिंगमध्ये १९६५ साली कुणी असंच साबणाचं पाणी सोडत बसलं असतं तर?

पुढच्या सुट्टीत अशा एखाद्या कुंडाला जाल, तेव्हा एक गोष्ट करून बघा. बांधलेल्या कुंडात नको, जिथून पाणी ओघळून बाहेर जातं तिथे बघा. झऱ्याच्या तोंडाशी दगड कसा दिसतो? हिरवी, शेवाळासारखी साय कुठे सुरू होते? तिचा रंग पुढे बदलतो का? तोंडापासून किती पावलांवर? वहीत चित्र काढा, खरवडू मात्र नका. तापमान मोजायचं असेल, तर शाळेच्या प्रयोगशाळेतला, शंभर अंशांपर्यंतचा तापमापक सरांना विचारून न्या, आणि तो मोठ्या माणसाच्या हातात द्या. तोंडाशी पाय सहज भाजतो. ताप मोजायचा घरचा थर्मामीटर तर मुळीच नेऊ नका. तो ४२ अंशांपर्यंतचाच असतो, काचेचा असला तर फुटेल. नोंदीखाली गावाचं नाव, तारीख आणि वेळ लिहायला विसरू नका.